वीन्यु वेर्द : कैरीची फोड आणि वरचं मीठ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वर्षभरापूर्वी नोकरीसाठी पोर्तुगालमध्ये ब्रागाला राहायला आलात. ऑफिसातल्या मैत्रिणीने वाढदिवसाला ‘विन्हो वर्दे’ची बाटली दिली. उघडली तर वाइन हिरवी नव्हतीच, फिकट लिंबूपाण्यासारखी होती. जिभेला किंचित चुणचुणली आणि इतकी आंबट लागली की उरलेली फ्रिजमध्ये ठेवून तुम्ही विसरून गेलात. आता शनिवारी सहा पोर्तुगीज सहकारी जेवायला येताहेत, त्यांतले दोघे शाकाहारी. बेत मराठी, त्यातही तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे तांबडा-पांढरा डोक्यात आहेच. ही वाइन कशाबरोबर पितात, आपल्या जेवणाबरोबर चालेल का, आणि चार युरोची नि चौदा युरोची बाटली एकाच नावाने का विकतात, हे तुम्हाला हवंय.

वाइन खराब नव्हती. तुम्ही ती नुसती प्यायलात, एवढंच झालं. कैरीची फोड आपण नुसती खात नाही. मीठ लावलं की कैरी तीच असते, आंबटपणाही तेवढाच असतो, पण दात आंबायचे थांबतात आणि तिचा वास, आतला हलका गोडवा जाणवायला लागतो. या वाइनला ते मीठ जेवणातून मिळावं लागतं. ज्या मुलखात ती होते तिथलं जेवण खारट, तळलेलं, भाजलेलं, ऑलिव्ह तेलात निथळणारं आहे, ते उगीच नाही.

मी अठरा वर्षं रेस्तराँमध्ये वाइन वाढायचं काम करतोय. त्यातली सहा वर्षं पोर्तू शहराला लागून असलेल्या मातुझीन्युशमध्ये काढली, मासे भाजून वाढणाऱ्या एका साध्या ठिकाणी. जे काही शिकलो त्यातलं बरंचसं तिथल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आधी नाव. पोर्तुगीजमध्ये ‘एन-एच’ म्हणजे आपला ‘न्य’ आणि शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ म्हणजे जवळजवळ ‘उ’. म्हणून वीन्यु वेर्द. ‘वेर्द’ म्हणजे हिरवा हे खरं, पण कच्च्या फळालाही तोच शब्द. तिथल्या जुन्या धाटणीच्या खानावळीत वाइनची यादी पाहा. बऱ्याच ठिकाणी तिचे दोन भाग असतात, ‘वेर्द’ आणि ‘मादुरु’. मादुरु म्हणजे पिकलेलं. म्हणजे एका बाजूला कोवळ्या, आंबटसर वाइन आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या बाकी सगळ्या. काही जण म्हणतात, हिरवा हा शब्द त्या प्रांताच्या हिरवाईवरून आला. तुम्ही ब्रागात एक हिवाळा काढला आहे, तेव्हा पावसाबद्दल आणि हिरवाईबद्दल मी काय सांगायचं! दोन्ही अर्थ तिथले लोक आनंदाने सांगतात. एक मात्र पक्कं, रंगाशी त्याचा संबंध नाही. वीन्यु वेर्द लालही असते, गुलाबीही असते. एके काळी तर या भागात लालच जास्त व्हायची.

हा भाग कायद्याने ठरलेला आहे. १९०८ साली त्याची हद्द आखली गेली आणि १९२६ मध्ये त्यावर देखरेख करणारी समिती आली. उत्तरेला स्पेनच्या सीमेवर मीन्यु नदी, दक्षिणेला दोरु नदी आणि तिच्या थोडं पलीकडेपर्यंत. ब्रागा या पट्ट्याच्या ऐन मध्यात आहे, कावादु आणि आव्ह या नद्यांच्या भागात. म्हणजे तुम्ही उसाच्या मळ्यात राहून गूळ कुठे मिळतो असं विचारताय.

वाइन आंबट का, याचं उत्तर जमिनीत आहे. ग्रॅनाइटची हलकी माती, अटलांटिकवरून येणारा भरपूर पाऊस, आणि भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे तुकडे झालेली शेतं. सोळाव्या शतकानंतर अमेरिकेतून आलेला मका तिथे रुजला आणि घरच्या भाकरीचं धान्य झाला. मग मोक्याची जमीन मक्याला, बटाट्याला, कोबीला, आणि द्राक्षवेल बांधावर. वेल झाडांवर चढवायचे किंवा दगडी खांबांवर उंच मांडव घालायचा. त्या मांडवाला ते ‘रामादा’ म्हणतात. नाशिक-सांगलीचा माणूस तो पाहून लगेच ओळखेल, फक्त उंची पाहून चकित होईल. द्राक्षं शिडी लावून काढावी लागायची. एवढ्या उंचीवर वारा खेळतो, ओलाव्याने घड कुजत नाहीत, पण पानांचा पसारा मोठा आणि ऊन कमी, त्यामुळे फळ पुरतं पिकत नाही. साखर कमी म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल कमी, आणि आम्ल भरपूर. आज बहुतेक नव्या बागा खाली तारांवर आल्यात, द्राक्षं चांगली पिकतात, तरीही साधी वीन्यु वेर्द साडेआठ ते साडेअकरा टक्क्यांच्या आसपासच असते. दुपारच्या जेवणाबरोबर पिऊन माणूस परत कामावर जाऊ शकतो, अशी तिची ख्याती आहे. (मी हे करून पाहण्याचा सल्ला देत नाही.)

ती चुणचुण पूर्वी आपोआप यायची. हिरव्या सफरचंदात जे आम्ल असतं ते या द्राक्षांत खूप. बाटलीत भरल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर दह्यातल्या आम्लात करायचे आणि त्यातून सुटलेला वायू आतच अडकायचा. वाइन थोडी गढूळ व्हायची, पण लोकांना ती फसफस आवडायला लागली होती. आता मोठे कारखाने वाइन गाळून स्वच्छ करतात आणि भरताना थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात लपवाछपवी काही नाही. चार युरोच्या बाटलीत ती फसफस असते, शिवाय आंबटपणाला तोल म्हणून थोडी साखर राखलेली असते. काझाल गार्सिया हे त्यातलं सगळ्यात पसरलेलं नाव, १९३९ पासूनचं. गझेला दुसरं. या बाटल्या हसण्यावारी नेऊ नका, काही पदार्थांना त्याच लागतात.

चौदा युरोच्या बाटलीत बहुधा फसफस नसेल, आणि तिच्यावर द्राक्षाचं नाव असेल. इथे थोडं थांबतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर उपयोगी पडणारी माहिती हीच आहे.

लोरेइरु हे लीमा नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष, म्हणजे ब्रागाच्या उत्तरेला, तुमच्यापासून तासाभराच्या आत. नाव ‘लोरेल’च्या झाडावरून आलंय. आपलं तमालपत्र नव्हे हं. आपलं दालचिनीचं सख्खं भावंड, त्यांचं त्याच कुळातलं पण वेगळं झाड. त्या पानाचा हिरवा वास आणि संत्र्याच्या मोहोराचा गंध लोरेइरुत येतो. मला विचाराल तर या सगळ्या मुलखात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त आनंद देणारं द्राक्ष हेच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हेच. अरिंतु, ज्याला तिथे पेदर्ना म्हणतात, ते लिंबासारखं धारदार. अझाल त्याहून कडक आंबट. अवेसु दक्षिणेकडच्या बायांवमध्ये होतं, जरा भरदार असतं. त्राझादुरात आम्ल कमी म्हणून ते इतरांना मऊ करायला मिसळतात.

आणि अल्वारीन्यु. हा घरातला कर्ता मुलगा. स्पेनच्या सीमेवर मोंसांव आणि मेल्गासु ही दोन गावं आहेत. डोंगरांनी समुद्राचा वारा अडवलेला, त्यामुळे उन्हाळा कोरडा आणि गरम. द्राक्ष लहान, जाड सालीचं, रस कमी. वाइन साडेबारा-तेरा टक्क्यांपर्यंत जाते, पीचचा, ग्रेपफ्रूटच्या सालीचा, मागाहून खारट दगडासारखा वास येतो. नदीपलीकडे स्पेनमध्ये तेच द्राक्ष अल्बारिन्यो म्हणून जास्त प्रसिद्ध आणि जास्त महाग आहे, हे तिथल्या लोकांसमोर शक्यतो बोलू नये. पालासियु द ब्रेझुएइराची अल्वारीन्यु १९७६ पासून स्वतःच्या नावाने बाटलीत येते, सुआल्येइरुची १९८२ पासून. मोंसांवच्या सहकारी संस्थेची ‘देउ-ला-देउ’ नावाची अल्वारीन्युही चांगली आणि परवडणारी. देउ-ला-देउ ही चौदाव्या शतकातल्या वेढ्याच्या दंतकथेतली बाई. गावात अन्न संपत आलं असताना तिने उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या भाजून तटावरून शत्रूच्या अंगावर फेकल्या. यांच्याकडे अजून एवढं आहे तर वेढा घालून काय उपयोग, असं समजून शत्रू निघून गेला. जेवायला बसल्यावर सांगायला बरी गोष्ट आहे.

आता खाणं. मातुझीन्युशमध्ये जूनपासून पुढे रस्त्यावर कोळशाच्या शेगड्या मांडलेल्या असतात आणि सगळ्या गल्लीला सार्डिनच्या धुराचा वास असतो. आपली तारली म्हणजे तिची चुलतबहीण. जाड मीठ लावायचं, बाकी काही नाही. साल करपेपर्यंत भाजायची आणि पावाच्या जाड चकतीवर ठेवायची. सेंट जॉनच्या सणापर्यंत, म्हणजे २३ जूनच्या रात्रीपर्यंत, सार्डिनला इतकी चरबी धरते की पावावर तेल ठिबकतं. तो तेलकट, खारट, धुरकट घास गिळल्यावर तोंडात जो थर राहतो तो साध्या वीन्यु वेर्दने एका घोटात धुतला जातो आणि पुढच्या घासाला तोंड पुन्हा कोरं होतं. आपण तळलेल्या माशावर लिंबू का पिळतो? त्याच कामासाठी. शेगडीवरच्या सार्डिनला मी अल्वारीन्यु देत नाही. धुरात तिचा नाजूक वास मरतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात.

याच जातीचा दुसरा पदार्थ म्हणजे छोटे कारापाव मासे, त्यांना लाडाने ‘झाकिंझीन्युश’ म्हणतात. पिठात घोळवून काट्यासकट कुरकुरीत तळायचे आणि टोमॅटोच्या सैलसर भाताबरोबर खायचे. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला दादरच्या खानावळीतल्या मांदेलीची आठवण येऊन गहिवरून आलं होतं. त्यांच्याबरोबर फसफसणारी, किंचित गोडसर, स्वस्त बाटलीच हवी. महागडी आणून इथे शोभा होते.

बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. तो उत्तरेच्या थंड पाण्यातून, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, आणि तरी तो त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. इथे एकच वाइन सांगता येत नाही, कारण बाकल्याव म्हणजे आपल्याकडच्या बटाट्यासारखं, त्याचं काहीही करता येतं. त्याचे तळलेले बोलीन्युश किंवा भजीसारख्या पातानिश्कश असतील तर साधी वीन्यु वेर्द किंवा लोरेइरु. तुमच्या गावचा ‘बाकल्याव आ ब्रागा’, म्हणजे तेलात तळलेला, वर परतलेल्या कांद्याचा ढीग आणि बाजूला तळलेला बटाटा, त्याला अल्वारीन्यु. मलईत भाजलेला असेल तर अवेसु किंवा लाकडाच्या पिंपात ठेवलेली अल्वारीन्यु. पिंप हा शब्द तसा त्यांचाच, वाइनच्या पिंपाला ते ‘पीपा’ म्हणतात.

शब्दांवरून आठवलं. तुमच्या प्रांतातलं रोजचं सूप म्हणजे काल्दु वेर्द. बटाट्याचा दाटसर रस्सा, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं, वरून ऑलिव्ह तेल आणि शोरीसु सॉसेजची एक चकती, बाजूला मक्याचा ब्रोआ पाव. पोर्तुगीज भाषेत त्यातली पानं ‘कोव्ह’, बटाटा ‘बताता’, पाव ‘पांव’. कोबी, बटाटा, पाव. गोव्यातल्यांना शोरीसु म्हणजे चोरिसही ओळखीचा. अर्ध्याहून जास्त सूप आपल्या जिभेवर आधीच आहे. मात्र त्यातली कोव्ह म्हणजे आपला गड्डा कोबी नाही, उंच देठाची सुटी पानं असतात. याच्याबरोबर काहीही हलकं पांढरं चालतं, फार विचार नको.

माझा सगळ्यात आवडता जोड मात्र शिंपल्यांचा. ‘अमेइझुअश आ बुल्यांव पातु’. बुल्यांव पातु हे एकोणिसाव्या शतकातले कवी, त्यांच्या नावावर हा पदार्थ आहे. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, त्यात जिवंत शिंपले, थोडी पांढरी वाइन, झाकण, आणि तोंडं उघडली की मूठभर कोथिंबीर नि लिंबू. युरोपात कोथिंबीर एवढ्या मोकळ्या हाताने घालणारे हेच. शिंपल्यांचं खारट पाणी, लसूण, कोथिंबीर आणि अल्वारीन्यु, याच्यापुढे मला आजवर काही सुचलेलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या जोडप्याने हे मागवलं. मी अल्वारीन्यु बर्फाच्या बादलीत खुपसून ठेवली. आजोबांनी ती बाहेर काढली, रुमालाने पुसली, टेबलावर ठेवली, मला काही बोलले नाहीत. वीस मिनिटांनी हाक मारून माझ्यासाठी ग्लासात बोटभर ओतली. बादलीत मी तिचा वास कोंडून टाकला होता. तेव्हापासून साधी बाटली सहा ते आठ अंशांवर, अल्वारीन्यु दहा-बारावर, हे मी विसरलो नाही.

एक अपवाद सांगतो, नाहीतर तुमचे सहकारी मला हसतील. हिवाळ्याच्या शेवटी मीन्यु नदीत लाम्प्रेइया नावाचा, बामेसारखा दिसणारा जलचर पकडतात आणि त्याच्याच रक्तात भात शिजवतात. त्याच्याबरोबर पांढरी नाही, तर व्हिन्यांव द्राक्षाची लाल वीन्यु वेर्द, तीही पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून. रंग शाईसारखा, वाडग्यावर डाग पडतो, आंबटपणा असा की डोळे मिटतात. डुकराच्या रोझोंइशबरोबरही तीच. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की वाइनमधलं लोह माशाबरोबर नकोसा हिवस वास आणतं, म्हणून लाल वाइन नि मासे बहुधा जमत नाहीत. मीन्युच्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा. तो भाजलेल्या सार्डिनबरोबरही लालच पितो आणि खूश असतो.

रोझोंइश म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, लसूण, वाइन, लोरेलच्या पानात मुरवलेले, आणि चक्क जिरं घातलेले. वाइन आणि लसणाच्या या मुरवणीला ‘वीन्या द आल्युश’ म्हणतात. तीच गोव्यात आली, वाइनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, आणि व्हिंदाल झालं. तेव्हा शनिवारी तुमच्या फोडणीतल्या जिऱ्याचा वास पाहुण्यांना परका वाटणार नाही.

आता तुमचा बेत. त्याआधी जिभेचे चार नियम, कारण पदार्थ बदलतील, जीभ तीच राहील. मीठ आणि तेल ही वाइन मऊ करतात, ते वर आलंच. गोड तिला कडक करतं. जिलबी खाल्ल्यावर चहा अगोड लागतो ना, तसंच. म्हणून श्रीखंड वाढायच्या आधी ग्लास उचला आणि पाहुण्यांना कॉफी द्या. पाश्तेल द नाता या कस्टर्डच्या टार्टबरोबरही हीच गत होते. आंबट पदार्थाबरोबर वाइन त्या पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. इथे वीन्यु वेर्दचं फावतं, लिंबाला ती पुरून उरते. पण चिंच आणि कोकम फार जड पडतात, आणि चिंच-गुळाच्या आमटीत आंबट नि गोड दोन्ही बाजूंनी मार बसतो. चौथं तिखट. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, म्हणून कमी टक्क्यांची, किंचित गोडसर बाटली बरी. मात्र फसफसही त्या जाळाला डिवचते. तिखट खाऊन सोडा प्यायल्यावर तोंड कसं भाजतं ते आठवा. तेव्हा तिखटाबरोबर साधी बाटली द्यायची असेल तर ती ग्लासात ओतून थोडी शांत होऊ द्या.

यावरून तांबडा रस्सा बाद. कोल्हापूरकरांनी रागावू नये, पण तांबड्यापुढे जगातली कुठलीच पांढरी वाइन उभी राहत नाही, आणि उभी केली तर दोघांचाही अपमान. करायचाच असेल तर वाटीभर, वेगळा, चवीपुरता करा आणि त्याच्याबरोबर पाणी नाहीतर बिअर द्या. पांढरा रस्सा मात्र जरूर करा. नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण, मटणाचा अर्क आणि लवंग-वेलची, मिरची बेताची. याला तेरा टक्क्यांची अल्वारीन्यु. नारळाचा दाट गोडवा हलक्या वाइनला गिळून टाकतो, तिथे अंगाने भरलेलीच लागते. हे मी घरी करून पाहिलंय आणि दोन पोर्तुगीज मित्रांनी पातेलं पुसून खाल्लंय.

सुरुवातीला कोथिंबीर वडी. तळणाचा खुसखुशीतपणा आणि कोथिंबिरीचा वास, लोरेइरुचं आणि तिचं फार जमतं. वडीवर तीळ जास्त, हिरवी मिरची निम्मी. साबुदाणा वडा करणार असाल तर ब्राझिली दुकानात ‘सागू’ मागा, तो बहुधा कसाव्याचाच असतो, पण पाकिटावर पाहून घ्या. दह्याच्या चटणीत साखर घालू नका. आळूवडीचा विचार असेल तर चिंच-गुळामुळे ती स्वस्त गोडसर बाटलीबरोबरच बसेल. मी आळू शोधत फिरलो नसतो.

माशांत तिथले छोटे कारापाव घ्या, हळद-मीठ-लिंबू आणि थोडं तिखट लावून रव्यात घोळवून तळा. लोरेइरु किंवा साधी बाटली. तिसऱ्यांचं सुकं करायला ब्रागाच्या बाजारात अमेइझुआ मिळतील. आधी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतात. ओलं खोबरं, लसूण, कोथिंबीर, मिरची हात राखून, कोकमाऐवजी शेवटी लिंबू. पाहुणे पहिला घास घेतील आणि बुल्यांव पातु आठवून एकमेकांकडे बघतील. याला अल्वारीन्यु.

शाकाहारी दोघांसाठी भरली वांगी, चिंच न घालता. दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, तेलाचा तवंग. अवेसु मिळाली तर उत्तम, नाहीतर अल्वारीन्युच. आणि हसू नका, पण वरण-भात ठेवाच. गरम भात, साधं वरण, तूप, मीठ, वर लिंबाची फोड, आणि शेजारी थंड लोरेइरु. मीठ, चरबी, आंबट, तिन्ही ताटात हजर, तिखट नाही. मातुझीन्युशमध्ये रात्री साडेबाराला दुकान बंद करून खोलीवर आल्यावर मी हेच जेवायचो आणि गिऱ्हाइकांनी बाटलीत ठेवलेली शेवटची बोटभर वाइन त्याबरोबर घ्यायचो.

सोलकढी करणार असाल तर ती वाइनच्या शेजारी ठेवू नका, दोघींचं पटणार नाही. जे पीत नाहीत त्यांना द्या, किंवा सगळ्यांना शेवटी.

खरेदी अशी करा : दोन बाटल्या लोरेइरु, दोन अल्वारीन्यु, एक स्वस्त फसफसणारी. एका बाटलीत पाच-सहा ग्लास होतात, सात जणांना रात्रभर पुरेल. बाटलीवर समितीचा क्रमांक असलेला शिक्का बघा. वर्षाला ‘कोल्येइता’ म्हणतात. साधी आणि लोरेइरु जितकी ताजी तितकी चांगली, वर्षच छापलेलं नसेल तर धूळ बसलेली बाटली उचलू नका. अल्वारीन्यु तीन-चार वर्षांची असली तरी घाबरू नका, चांगली पाच-सात वर्षं छान मुरते. ‘अल्वारीन्यु’ हे नाव वीन्यु वेर्दच्या लेबलावर लावायचा हक्क पूर्वी फक्त मोंसांव-मेल्गासुला होता, २०१५ च्या करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बाकीच्यांनाही मिळाला. म्हणून नावाखाली गाव लिहिलंय का तेही वाचा. दुपारी सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये टाका आणि अल्वारीन्यु वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. बादली नको.

आणि फ्रिजमध्ये ती वाढदिवसाची विसरलेली बाटली आहे ना, तिची चव आता गेली असेल, पण ओतून देऊ नका. वास घ्या, व्हिनेगर झालेली नसेल तर शनिवारी तिसऱ्या थोड्या जास्त आणा. ओल्या फडक्याखाली त्या फ्रिजमध्ये एक रात्र टिकतात. रविवारी दुपारी तेल, लसूण, तिसऱ्या आणि त्या वाइनचा अर्धा कप, वर झाकण. तोंडं उघडली की कोथिंबीर टाका, आणि रस्सा पावाने पुसून घ्या.